‘कितवी स्टेज?’ हा प्रश्न इथे चालत नाही

भाच्याला रक्ताचा कॅन्सर निघालाय हे नातेवाइकांत पसरलं, त्या दिवशी बहिणीला दुपारपर्यंत अकरा फोन आले. त्यातल्या नऊ जणांचा पहिला प्रश्न एकच: “कितवी स्टेज?” ती दर वेळी माझ्याकडे बघायची. मी ठाण्यात, नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वीसेक वर्षं झाली. त्यामुळे आजारपणातलं सगळं मलाच कळतं असा घरात समज आहे. मी हातानेच ‘नाही’ अशी खूण करायचो आणि ती फोनवर सांगायची, “स्टेज नसते म्हणे याला.” पलीकडच्याला वाटायचं, ही लपवतेय.

ती लपवत नव्हती. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘एएलएल’ म्हणतात, त्याला खरोखरच स्टेज नसते. तोंडाचा किंवा स्तनाचा कॅन्सर एका जागी सुरू होतो, मग शेजारच्या गाठींत जातो, मग लांब. तो कुठवर पोचला यावरून स्टेज ठरते. रक्त मात्र पहिल्या दिवसापासून अंगभर फिरतंय, तिथे ‘कुठवर पोचला’ विचारून काय उपयोग? इथे प्रश्न दोनच. या पेशी नेमक्या कुठल्या जातीच्या आहेत, आणि औषधाला त्या किती लवकर आणि किती खोलवर दाद देतात. पुढची सगळी वर्षं या दोन प्रश्नांभोवती फिरतात. हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. स्लाइडवरची पेशी ओळखता येते म्हणजे तिची पुढची कहाणी माहीत असते असं नाही.

आधी आजार समजून घेऊ. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मऊ गरात तयार होतं. तो गर म्हणजे बोन मॅरो, मराठीत अस्थिमज्जा. (भाचा तेव्हा चार वर्षांचा. ‘तुझी मज्जा तपासायचीय’ हे ऐकून तो पहिल्यांदा खूश झाला होता.) तिथे लाल पेशी बनतात, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट बनतात आणि पांढऱ्या पेशीही. पांढऱ्यांतला एक प्रकार लिम्फोसाइट आणि त्याचं लहानपणीचं रूप लिम्फोब्लास्ट. एरवी ही पोरसवदा पेशी मोठी होते, रक्तात उतरते, आपलं काम करते आणि वेळ झाली की मरते. एएलएलमध्ये अशा एका पेशीच्या जनुकांत बिघाड होतो. ती मोठी होत नाही, मरतही नाही. फक्त स्वतःसारख्या आणखी पेशी काढत राहते.

कळव्यात राहणाऱ्या माणसाला पुढचं समजावायला लोकल पुरते. सकाळची गाडी डोंबिवलीहून खचाखच भरून येते, दारातले हलत नाहीत, आत गेलेले उतरत नाहीत आणि कळव्याचा माणूस प्लॅटफॉर्मवरच राहतो. मॅरोचं तसंच होतं. या लिम्फोब्लास्ट, म्हणजे थोडक्यात ब्लास्ट पेशींनी सगळी जागा अडवली की लाल पेशींना जागा नाही, म्हणून मूल पांढरंफटक पडतं, धापा टाकतं. प्लेटलेटना जागा नाही, म्हणून कुठे आपटल्याशिवाय अंगावर काळेनिळे डाग उठतात, पायांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके येतात. कामाच्या पांढऱ्या पेशींना जागा नाही, म्हणून ताप येतो आणि हटत नाही. आणि मॅरोच ठासून भरल्यामुळे हाडं दुखतात. कुणाच्या मानेत गाठी येतात, कुणाचं पोट यकृत आणि पाणथरी वाढून फुगतं.

हे आत्ता एका दमात लिहिलं. प्रत्यक्षात ही लक्षणं एकेकटी येतात, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात त्यातल्या प्रत्येकाला दुसरं नाव तयार असतं.

ऑगस्टमध्ये प्लेटलेट कमी आल्या म्हणजे डेंगी, हे गणित आमच्याकडे इतकं पक्कं आहे की लॅबवाल्यांचाही हात तसाच चालतो. भाच्याचा ताप आठ दिवस येऊन-जाऊन होता. पहिल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट ६२,०००, जिथे दीड ते साडेचार लाख हव्यात. डेंगीची चाचणी निगेटिव्ह आली, तरी ‘चाचणीची वेळ चुकली असेल’ म्हणून सोडून दिलं. शेजारच्या मावशींनी पपईच्या पानांचा रस आणून दिला. पोराचे पाय दुखत होते, जिना चढायचा म्हटलं की कडेवर घे म्हणायचा. ते ‘वाढीचं दुखणं’ ठरलं. आठवड्याने पुन्हा रक्त काढलं, या वेळी मीच. प्लेटलेट ३८,०००, हिमोग्लोबिन ७.१.

त्या ७.१वर मी अडलो. डेंगीत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि रक्त घट्ट होतं, त्यामुळे हिमोग्लोबिन बहुधा चढलेलं दिसतं. इथे ते उतरत होतं, तेही कुठून रक्त जात नसताना. शिवाय डेंगीतल्या प्लेटलेट आठवड्या-दहा दिवसांत आपोआप वर यायला लागतात. या खाली चालल्या होत्या. दोन आकडे मिळून घसरत असतील तर गडबड बहुधा रक्तात नाही, रक्त बनतं तिथे आहे. एकूण पांढऱ्या पेशी मात्र ६,४००, अगदी शहाण्यासारख्या. ब्लड कॅन्सर म्हणजे पांढऱ्या पेशी लाखाच्या वर, असं पुष्कळांना वाटतं. त्या वाढलेल्या असू शकतात, कमी असू शकतात आणि नॉर्मलही असू शकतात. काउंटर मशीन पेशी मोजतं, त्यांचे चेहरे बघत नाही. फार तर स्क्रीनच्या कोपऱ्यात एक फ्लॅग देतं की काहीतरी वेगळं वाटतंय, बघून घ्या.

बघून घेणं म्हणजे स्लाइड. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधला एक थेंब काचेवर, दुसऱ्या काचेने एका झटक्यात पसरायचा, वाळवायचा, लीशमन स्टेन, पाणी, आणि मग तेलाच्या लेन्सखाली. साधा लिम्फोसाइट लहान असतो, त्याचं केंद्रक घट्ट आणि गडद, मसुराच्या दाण्यासारखं. ब्लास्ट मोठा असतो. केंद्रक इतकं मोठं की भोवती निळसर कड जेमतेम उरते. पुरणपोळीत पुरण काठोकाठ भरलं की कणीक नावाला राहते, तशी. आणि ते केंद्रक गडद नसतं, पातळ मलमलीसारखं दिसतं, आत एखादा फिकट ठिपका. मी शंभर पांढऱ्या पेशी मोजायला घेतल्या. चाळीस झाल्यावर थांबलो, कारण त्यातल्या सतरा तशाच होत्या. रिपोर्टवर सही माझी नसते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला, स्लाइड थोडी सरकवली, पुन्हा बघितलं आणि विचारलं, “पेशंट किती वर्षांचा?” नाव त्यांनी अजून वाचलं नव्हतं.

इथे थांबून एक सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत कुणीतरी अशाच आठवड्यात असेल. लहान मुलाचा ताप लांबला, प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिनही उतरतंय, पाय दुखतायत, तर डॉक्टरांना पेरिफेरल स्मिअर, म्हणजे हीच स्लाइड, लिहून द्यायला सांगा. काही शे रुपयांची तपासणी आहे. आणि स्मिअर झाल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नका. मधल्या दिवसांत एका डॉक्टरांनी सांधेदुखी समजून भाच्याला स्टेरॉइडचं सिरप लिहून दिलं होतं. बहिणीने बाटली आणली होती, पण ‘आधी ताप उतरू दे’ म्हणून फोडली नव्हती. स्टेरॉइड हे या आजाराचंच एक औषध आहे. एकटं दिलं की ब्लास्ट काही दिवस विरघळतात, ताप जातो, मूल खेळायला लागतं आणि तपासणीत काही सापडत नाही. मग काही आठवड्यांनी आजार परत वर येतो, आणि तोवर निदानाची वेळ निघून गेलेली असते.

परळच्या टाटात फाइल काढली. पुढच्या तपासण्या खऱ्या निदानाच्या. कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मॅरो काढतात, मुलांना गुंगी देऊन. त्यात सर्वसाधारणपणे २० टक्क्यांहून जास्त ब्लास्ट दिसले की ल्युकेमिया. पण कुठला? सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोब्लास्ट आणि दुसऱ्या जातीचे ब्लास्ट कधीकधी सारखेच दिसतात, आणि दोघांची औषधं वेगळी. म्हणून फ्लो सायटोमेट्री. पेशींना रंगीत खुणा चिकटवून एकेक करून लेझरसमोरून पळवतात. पेशीच्या अंगावर सीडी१९, सीडी१० असे बिल्ले असले तर बी जातीचा एएलएल, सीडी३ असला तर टी. मुलांत साधारण ८५ टक्के बी असतात.

मग गुणसूत्रं. हा भाग पालकांना सगळ्यात अवघड वाटतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली असेल तर त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात, कारण १९६० मध्ये तो त्या शहरात पहिल्यांदा दिसला. एके काळी हे नाव रिपोर्टवर आलं की डॉक्टरांचे चेहरे पडायचे. आता त्या बिघाडावर नेमकं बसणारं इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब गोळीच्या रूपात मिळतं, आणि चित्र पुष्कळ बदललंय. बारा आणि एकवीसची अदलाबदल चांगली समजतात. गुणसूत्रं ४६ऐवजी पन्नासच्या वर गेली असतील तर ऐकायला भयंकर वाटतं, पण मुलांमध्ये तेही चांगलं लक्षण. उलट ती बरीच कमी झाली असतील तर काळजी. हे रिपोर्ट यायला दिवस लागतात, आणि उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

पाठीतलं पाणीही काढतात. ब्लास्ट मेंदूच्या आवरणात जाऊन बसू शकतात, आणि सलाइनमधून दिलेली बहुतेक औषधं तिथे नीट पोचत नाहीत. म्हणून मणक्यातून सुई घालून तिथलं पाणी तपासतात आणि त्याच सुईने औषध सोडतात. पाणी साफ निघालं तरी सोडतात. “पाणी साफ आहे ना, मग कशाला?” हे बहिणीने विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. उत्तर पुढे येतंय.

जोखीम ठरवताना वय आणि सुरुवातीच्या पांढऱ्या पेशीही बघतात. एक ते दहा वर्षांच्या दरम्यानचं मूल आणि पेशी ५०,०००च्या आत, हे त्यातल्या त्यात बरं. मोठ्यांनाही हा आजार होतो आणि त्यांच्यात तो जास्त चिवट असतो. तरुणांना लहान मुलांसारखाच कडक उपचार दिला तर निकाल सुधारतात असं दिसल्यावर अनेक ठिकाणी आता तसंच देतात.

‘कशामुळे झालं’ यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी उपचारांवर झाली नाही. मोबाइल टॉवर, बाहेरचं खाणं, बहिणीने गरोदरपणात केलेली नोकरी. सासूबाईंचा रोख कुठे होता ते सगळ्यांना कळत होतं. बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. काही प्रकारांत पहिला बिघाड जन्माआधीच, पोटात असताना झालेला असतो, आणि तसा बिघाड असलेल्या बहुतेक मुलांना पुढे आजार होतच नाही. तो लागण होणारा नाही. बहुतांशी आनुवंशिकही नाही. आईने काही केलं म्हणून झाला, असं तर नाहीच. विषय संपला.

आता उपचार, आणि त्याआधी एक गणित. या गणितानेच माझे डोळे उघडले. निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या उपचाराला इंडक्शन म्हणतात. मुलांमध्ये शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणांचा आजार त्या टप्प्याअखेर सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनासा होतो. याला रेमिशन म्हणतात. ताप गेलेला, प्लेटलेट दोन लाख, पोरगं सायकल मागतंय. पण शंभरातल्या नव्व्याण्णव पेशी मेल्या तरी एक लाख कोटीतल्या किती उरल्या? एक हजार कोटी. माझ्यासारखा टेक्निशियन स्लाइडवर डोळे फोडून बसला तरी त्या त्याला सापडणार नाहीत.

म्हणून महिन्याअखेर एमआरडी, म्हणजे मागे उरलेला सूक्ष्म आजार शोधायची तपासणी असते. तीच फ्लो सायटोमेट्री, फक्त लाखो पेशी मोजून दहा हजारांत एक इतका बारीक शोध. एमआरडी निगेटिव्ह येणं ही या पूर्ण प्रवासातली सगळ्यात मोलाची बातमी, कारण सुरुवातीचा दुसरा प्रश्न, ‘औषधाला किती खोलवर दाद दिली’, त्याचं हे उत्तर. पॉझिटिव्ह आली तर उपचार आणखी कडक करतात. पण निगेटिव्ह म्हणजे शून्य नव्हे. दहा हजारांत एकापेक्षा कमी, म्हणजे त्या हिशोबाने दहा कोटींपर्यंत अजून लपलेल्या असू शकतात. महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळपास! बहिणीच्या ‘मग कशाला’चं उत्तर हे.

“रिपोर्ट नॉर्मल आला” म्हणून या टप्प्यावर गावी निघून जाणारी कुटुंबं असतात, आणि त्यांना अडाणी म्हणणं मला जमत नाही. महिनाभर मजुरी बुडालेली, मागे दुसरी दोन मुलं, आणि समोरचं पोर ठणठणीत दिसतंय. त्यांना ‘नॉर्मल’ हा शब्द आम्हीच छापून दिलेला असतो.

औषधांची गोष्ट मला फार आवडते, आणि तिचा एक धागा मुंबईचाच आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा ॲनिमिया व्हायचा, त्याचा शोध घ्यायला. यीस्टपासून बनलेल्या मार्माइटने तो बरा होतो हे त्यांना सापडलं. त्यात जो घटक होता तो पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. रक्त वाढवतो, तर ल्युकेमियाच्या मुलांना देऊन बघू, असं बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना वाटलं. दिलं, आणि आजार भडकल्यासारखा झाला. म्हणजे ब्लास्टनाही ते हवंय! मग फॉलिक ॲसिडची नक्कल करून पेशीला फसवणारं औषध हवं होतं. ते अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवून दिलं. १९४८ मध्ये फार्बर यांनी निकाल छापले: १६ मुलांपैकी १० सुधारली. पण काही महिनेच. सगळ्यांचा आजार उलटला. कोट्यवधी लपून राहतात हे गणित तेव्हा कुणी मांडलेलं नव्हतं, त्या मुलांनी ते दाखवून दिलं. त्याच औषधाचा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. भाच्याच्या डब्यात ज्या पिवळ्या गोळ्या असायच्या, त्या त्याच.

एकेक औषध हरतं म्हटल्यावर ती एकत्र, टप्प्याटप्प्याने आणि वर्षानुवर्षं द्यायची, मेंदूकडची वाटही बंद करायची, असा उपचार १९६०च्या दशकात डोनाल्ड पिंकेल यांनी अमेरिकेत मेम्फिसला बसवला. निम्मी मुलं बरी व्हायला लागली. औषधं बहुतेक तीच ठेवून नुसती मांडणी सुधारत गेल्यावर आज श्रीमंत देशांत दहातली नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडचा आकडा कमी आहे, आणि त्यामागे आजाराच्या चिवटपणाइतकीच उपचार सुटणं आणि जंतुसंसर्ग ही कारणं आहेत.

या औषधांपैकी व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून येतं. हो, कुंडीतली, कळव्याच्या प्रत्येक गॅलरीत असते ती गुलाबी-पांढरी. (पानं चावून खाऊ नका, मला विचारणारे भेटलेत. झाड विषारी आहे आणि औषधाचा अंश त्यात अगदी नगण्य असतो.) ते फक्त शिरेतून देतात, चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो, म्हणून मोठ्या रुग्णालयांत त्याचे नियम फार कडक असतात. ॲस्परॅजिनेज हे नेहमीच्या धाटणीचं औषध नाही, कात्री आहे. ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल आपल्या बहुतेक पेशी स्वतः बनवतात. लिम्फोब्लास्टना ते पुरेसं जमत नाही, त्या रक्तातलं उचलतात. हे एन्झाइम रक्तातलं ॲस्परॅजिन तोडून टाकतं आणि त्या उपाशी मरतात. डॉनोरुबिसिन लाल रंगाचं, लघवी लाल झाली तर घाबरू नका. पण हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात.

आणि स्टेरॉइड. याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. भाचा रात्री तीनला उठून वरण-भात मागायचा, संपला की पुन्हा मागायचा, आणि ताट यायला दोन मिनिटं लागली की आईला चावायचा. गाल फुगले, पोट सुटलं. आपलं पोर बदललं की काय असं बहिणीला वाटायचं. औषध बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ओसरलं.

इंडक्शननंतर कन्सॉलिडेशन आणि आणखी काही कडक टप्पे, मिळून सहा-आठ महिने. त्यांची नावं रुग्णालयागणिक बदलतात, ती पाठ करण्यात अर्थ नाही. केमो ब्लास्ट मारते तशी चांगल्या पेशीही मारते. प्लेटलेट फार उतरल्या की एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट. दात्याला तासभर ते दीड तास बसावं लागतं, आणि त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत, माणसंच तयार ठेवावी लागतात. भाच्याच्या बापाने ऑफिसच्या ग्रुपमधून रक्तगटाप्रमाणे चौदा जणांची यादी केली होती. पपईचा रस त्या घरात तोवर बंद झाला होता. मॅरोत जागाच नसेल तर रस काय करणार, आणि कच्च्या पानांतून जंतू मात्र मिळतात.

जंतूंवरून एका रात्रीची गोष्ट. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ५००च्या खाली गेल्या की साधा ताप हा इमर्जन्सी असतो. तापमान १००.४ फॅरेनहाइटवर टिकलं की निघायचं, आणि पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री साडेअकराला भाच्याला १०१ होता. परळ गाठण्यापेक्षा आधी जवळच्या रुग्णालयात पहिला डोस घ्या, असं डॉक्टरांनी लेखी देऊन ठेवलं होतं, म्हणून ठाण्यातल्याच एका रुग्णालयात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आधी फॉर्म भरा, आधार कार्डची झेरॉक्स आणा. मला भांडता येतं असं मला वाटायचं. बहिणीने मला बाजूला सारलं, ते पत्र ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या हातात दिलं आणि घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, “डॉक्टर, तासातली वीस मिनिटं गेली.” सुई लागली. फॉर्म मी नंतर भरला.

तसं पत्र प्रत्येक पालकाने मागून घ्यावं. लॅमिनेट करून पिशवीत ठेवावं.

खाण्याचे नियम त्या मानाने सोपे: उकळलेलं पाणी, घरी शिजवलेलं ताजं, साल काढता येईल तेच फळ. पाणीपुरी नाही. गर्दी नाही, आणि लोकलने जावंच लागलं तर दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येतं. घरात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

मग येतो मेंटेनन्स, लांबलचक, घरच्या घरी, दीड-दोन वर्षांचा. रोज रात्री सहा-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिन या केमोच्या औषधाची) गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. यात काही नाट्य नाही, म्हणून यातच ढिलाई होते. लपलेले ते कोट्यवधी इथेच हळूहळू संपवायचे असतात. अमेरिकेतल्या अभ्यासात असं दिसलं की गोळ्या ९५ टक्क्यांहून कमी घेणाऱ्या मुलांचा आजार जास्त उलटला. म्हणजे शंभर रात्रींत सहा रात्री राहिल्या तरी हिशोब बिघडतो. दुसरी चूक याच्या उलट. मेथोट्रेक्सेट आठवड्याचं आहे, ते रोज दिलं गेलं तर जीवावर बेततं. बहिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक बुधवारला लाल गोल केला होता, आणि मेथोट्रेक्सेटचा डबा वेगळ्या कपाटात, वरच्या फळीवर.

आजार उलटला तर? तेव्हा बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार होतो. सख्खं भावंड दाता म्हणून जुळण्याची शक्यता चारात एक. आणि आता आणखी एक वाट आहे, तिचा पत्ता नवी मुंबईचा. रुग्णाच्याच टी पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुक बसवून त्यांना सीडी१९चा बिल्ला ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायचं: कार-टी थेरपी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून ती बनवली. जून २०२१ मध्ये भारतातला पहिला प्रयोग खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने मंजुरी मिळाली, १५ वर्षांवरच्या, बी जातीचा आजार उलटलेल्या रुग्णांसाठी. परदेशी थेरपीच्या साधारण दहाव्या हिश्शात होते म्हणतात. तरी लाखांतच. ती पहिल्या उपचाराऐवजी घ्यायची गोष्ट नाही. ‘डायरेक्ट तीच करू ना’ म्हणणारा एक काका आमच्याकडेही होता.

पैशाचं थोडक्यात: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा, पैसे संपल्यावर नव्हे. बाहेरगावच्या मुलांसाठी सेंट ज्यूड या संस्थेची मोफत राहायची केंद्रं कॉटन ग्रीनला आणि खारघरला आहेत.

भाच्याच्या गोळ्या मार्चमध्ये थांबल्या. पहिलं वर्ष दर महिन्याला सीबीसी. परवा बहीण त्याला घेऊन लॅबवर आली. तो आता माझ्या स्टुलावर स्वतः चढून बसतो, दंड पुढे करतो आणि जांभळ्या टोपणाची ट्यूब हवी म्हणून सांगतो. हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट २,८६,०००, पांढऱ्या पेशी ७,२००. काउंटरने फ्लॅग दिला नव्हता. बहीण दारात चपला घालत होती. “नॉर्मल आहे ना रे दादा?” म्हणाली. मी थांब म्हटलं आणि स्लाइड काढायला घेतली.